एकच सामना बघायचा तर कुठला? कॉन्फरन्सच्या फाटाफुटीनंतरची कॉलेज फुटबॉलची वैरं

दर ऑक्टोबरात ओळखीतून कुणाचा तरी फोन येतो. आई-बाबा भारतातून आलेले असतात, थँक्सगिव्हिंगची सुट्टी जवळ असते आणि पलीकडून प्रश्न येतो, "ते कॉलेज फुटबॉल म्हणतात ना, ते यांना एकदा दाखवायचंय. कुठल्या सामन्याला नेऊ?" पूर्वी मी एका वाक्यात सांगायचो, तुमच्या राज्यातल्या दोन मोठ्या विद्यापीठांचा नोव्हेंबरअखेरचा सामना बघा. आता तसं सांगता येत नाही. कुठे तो सामना सप्टेंबरात सरकलाय, कुठे बंदच पडलाय आणि एका ठिकाणी बारा हंगाम गायब राहून परत आलाय.

माझा कल आधीच सांगून टाकतो. मी २०१३ ते २०१५ टेक्सास ए अँड एममध्ये एमएस केलं, तेव्हा पुढे टेक्सासबद्दल जरा जास्त बोलणार आहे.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. गटातले सगळे मिळून टीव्हीचे हक्क विकतात आणि आपापसातलं वेळापत्रक ठरवतात. हंगामात एका संघाचे साधारण बारा सामने होतात. त्यातले आठ-नऊ गट ठरवून देतो. उरलेले तीन-चार विद्यापीठाने स्वतः करार करून जमवायचे असतात, तेही कित्येक वर्षं आधी. जुना वैरी गटात असेल तर त्याच्याशी सामना आपोआप पदरात पडतो. तो गटाबाहेर गेला की त्याच तीन-चार जागांत त्याला बसवावं लागतं. शिवाय बारा संघांचा प्लेऑफ, म्हणजे देशाचा विजेता ठरवणारी बाद फेरी, २०२४ पासून सुरू झाल्यामुळे एकेका पराभवाचा हिशेब होतो. मग प्रशिक्षकाला वाटतं, अंगावर धावून येणारा शेजारी कशाला हवा, त्यापेक्षा घरच्या मैदानावर एखादा दुबळा पाहुणा बरा.

ही वैरं भावकीची आहेत. दोन मैदानं एकाच राज्यात, एकाच घरातली एक मुलगी इकडे शिकलेली, दुसरी तिकडे. भावकीत भांडण असलं तरी लग्नकार्यात समोरासमोर यावंच लागतं. इथे ते यावं लागणंच गेलं. म्हणून सामना निवडताना मी दोनच गोष्टी बघतो. समोरासमोर येणं अजून सक्तीचं आहे का? आणि तारीख नोव्हेंबरअखेरची आहे का?

टेक्सास विरुद्ध टेक्सास ए अँड एम

टेक्सास म्हणजे इथे ऑस्टिनचं टेक्सास विद्यापीठ, आणि ए अँड एम कॉलेज स्टेशनचं. दोन्ही गावांत जेमतेम शंभर मैल. पहिला सामना १८९४ चा. २०११ च्या थँक्सगिव्हिंगच्या रात्री ए अँड एमच्या कायल फील्डवर टेक्सासच्या जस्टिन टकरने घड्याळ संपता संपता ४० यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू गोलखांबांमधून धाडला, टेक्सास २७-२५ जिंकलं आणि ११८ सामन्यांची मालिका तिथे थांबली. कारण पैशाचंच होतं. टेक्सासने ईएसपीएन या क्रीडावाहिनीशी वीस वर्षांसाठी ३० कोटी डॉलरचा करार करून स्वतःची वाहिनी काढली होती आणि ए अँड एमला मोठ्या भावाच्या सावलीत राहायचं नव्हतं. ते एसईसी या दक्षिणेतल्या गटात निघून गेले.

मी पोचलो तो या पोकळीत. आमच्या युद्धगीतात दुसरं कुणी नाही, टेक्सासच आहे. हजारो मुलं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, डावी-उजवीकडे डोलत टेक्सासचं चिन्ह असलेल्या त्या लाँगहॉर्न बैलाची शिंगं कापण्याचं गाणं म्हणायची आणि मैदानावर बैल नसायचाच. २०१४ च्या थँक्सगिव्हिंगला समोर लुइझियानाचा एलएसयू होता. संघ तगडा, सामना चुरशीचा, आम्ही हरलो. पण शेजारी बसलेले एक वयस्कर गृहस्थ, १९७० च्या आसपासचे विद्यार्थी, मध्यंतरात मला म्हणाले की हा चांगला सामना आहे, पण हा आमचा सामना नाही. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

अर्थ कळला तो बॉनफायरच्या स्मारकापाशी. टेक्सासच्या सामन्याआधी ओंडके रचून प्रचंड होळी पेटवायची, ही प्रथा १९०९ पासूनची. १८ नोव्हेंबर १९९९ च्या पहाटे तो ढीग रचता रचता कोसळला. बारा जण गेले, सत्तावीस जखमी झाले. आठवड्याभराने सामना झाला. मध्यंतरात टेक्सासच्या बँडने शोकधून वाजवली आणि डोक्यावरच्या टोप्या काढल्या. ए अँड एम तो सामना २०-१६ जिंकलं. स्मारकात बारा कमानी आहेत, प्रत्येक कमान त्या-त्या मुलाच्या गावाच्या दिशेला तोंड करून उभी. सामन्याला आलात तर आधी तिथे अर्धा तास थांबा. दोन विद्यापीठांचं वैर किती खोल असतं आणि त्याच्या तळाशी काय असतं, ते तिथे समजतं.

२०२४ मध्ये टेक्सासही एसईसीत आलं. ज्या फाटाफुटीने सामना तोडला, तिनेच तो परत जोडला. ३० नोव्हेंबर २०२४ ला कायल फील्डवर टेक्सास १७-७ जिंकलं आणि एसईसीच्या अंतिम सामन्यात गेलं. २०२५ मध्ये ए अँड एम सलग अकरा विजय घेऊन ऑस्टिनला गेलं आणि २७-१७ हरलं. मला तो पराभव अजून सलतो. पण सलतो, हेच महत्त्वाचं. एलएसयूकडून झालेला पराभव चार दिवसांत विसरलो होतो. एसईसी २०२६ पासून नऊ गट-सामन्यांची पद्धत आणतंय आणि टेक्सासच्या तीन कायमच्या प्रतिस्पर्ध्यांत ओक्लाहोमा आणि आर्कान्सासोबत ए अँड एम आहे. म्हणजे सक्ती परत आली, तारीखही परत आली.

ॲपल कप: वॉशिंग्टन विरुद्ध वॉशिंग्टन स्टेट

सिएटलच्या मराठी मित्रांना मी हीच लढत आधी समजावून सांगतो, कारण फाटाफुटीचा सगळ्यात स्पष्ट घाव इथे दिसतो. एकीकडे सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचं तळ्याकाठचं सत्तर हजारांचं हस्की स्टेडियम, जिथे लोक होडीतून सामन्याला येतात. दुसरीकडे तीनशेला थोडे कमी मैल पूर्वेला, गव्हाच्या टेकड्यांत वसलेलं वॉशिंग्टन स्टेटचं पुलमन. गावाची वस्ती तीस-बत्तीस हजार आणि स्टेडियमही साधारण तेवढ्याच माणसांचं. १९०० पासून हे दोघे भिडताहेत.

१९९२ च्या नोव्हेंबरात पुलमनला बर्फ पडत होता. वॉशिंग्टन देशात पाचव्या क्रमांकावर. वॉशिंग्टन स्टेटच्या ड्रू ब्लेडसोने फेकलेला चेंडू झेलून फिलिप बोबो घसरत थेट बर्फाच्या ढिगाऱ्यात घुसला. टचडाउन, म्हणजे चेंडू गोलरेषेपार! सामना ४२-२३, धाकट्याच्या नावावर. नोव्हेंबर का हवा, याचं माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही. थंडी, बर्फ, हंगामाचा शेवट, आणि समोरचा हरला तर त्याचं वर्ष वाया. एवढं सगळं जुळून यायला तारीख लागते.

१९१५ पासूनचा वारसा सांगणारा पॅक-१२ हा गट २०२२-२३ मध्ये कोसळला. आधी दक्षिण कॅलिफोर्नियातले यूएससी आणि यूसीएलए बिग टेन या दुसऱ्या गटाकडे वळले. ऑगस्ट २०२३ मध्ये वॉशिंग्टन आणि ऑरेगनही त्यांच्या मागे गेले. बिग टेनचा टीव्ही करार सात वर्षांसाठी सुमारे सात अब्ज डॉलरचा, तेव्हा मोह कळतो. मागे उरले दोनच, वॉशिंग्टन स्टेट आणि ऑरेगन स्टेट. आता वॉशिंग्टनचा संघ गटातल्या सामन्यासाठी न्यू जर्सीपर्यंत विमानाने जातो आणि आपल्याच राज्यातल्या शेजाऱ्याला भेटायला स्वतंत्र करार करावा लागतो.

करार झाला, हे दोघांच्याही बाजूने सांगायला हवं. तो २०२८ पर्यंत आहे. पण सामना सप्टेंबरात गेला. २०२४ मध्ये तो सिएटलच्या ल्युमेन फील्डवर झाला. वॉशिंग्टन स्टेटने शेवटच्या मिनिटांत प्रतिस्पर्ध्याला गोलरेषेपाशी रोखून २४-१९ असा विजय खेचला. सुंदर सामना होता, तरी हवेत थोडं अपुरेपण होतं. तेव्हा दोघांचाही हंगाम अजून पुढेच होता, म्हणून हरलेला पुढच्या शनिवारी सावरू शकत होता. २०२५ मध्ये पुलमनला वॉशिंग्टनने ५९-२४ असं धुतलं. गटांच्या पैशातली दरी खेळाडूंच्या दर्जात उतरायला वेळ लागत नाही आणि मला भीती याच आकड्याची वाटते.

बिग गेम: स्टॅनफर्ड विरुद्ध कॅल

स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) हे शेजारी. सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्यांसाठी ही सोय आहे, आणि सोय हा शब्द मी चांगल्या अर्थाने वापरतोय. पॅक-१२ मोडल्यावर दोघे मिळून एसीसीत गेले, म्हणजे अटलांटिक किनाऱ्याच्या गटात. पहिली सात वर्षं टीव्हीच्या पैशातला जेमतेम तीस टक्के वाटा घेऊन, बोस्टन आणि मायामीपर्यंतचा प्रवास पत्करून. पण दोघे एकत्र गेल्यामुळे १८९२ पासूनची लढत जागच्या जागी राहिली. नोव्हेंबर तोच, अंतर चाळीसेक मैल तेच, आणि जिंकणाऱ्याला मिळणारी कुऱ्हाडही तीच.

१९८२ मध्ये चार सेकंद उरले असताना स्टॅनफर्ड २०-१९ पुढे होतं. कॅलच्या खेळाडूंनी चेंडू हातोहात पाच वेळा मागे देत, मैदानात घुसलेल्या स्टॅनफर्डच्या बँडमधून वाट काढत टचडाउन केला आणि २५-२० जिंकले. आजही कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे आली की तिच्यावरच्या पाटीवर त्या वर्षीचा निकाल २०-१९ असा बदलला जातो. कॅलकडे गेली की परत २५-२०. चाळीस वर्षांहून जुना हा हट्ट अजून टिकला आहे, आणि कुठलाही करार तो लिहून देऊ शकत नाही.

ज्यांचं तिकीट दरवर्षी मिळेलच असं नाही

ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची बेडलम ही लढत १९०४ ची. पहिल्याच सामन्यात वाऱ्याने चेंडू गारठलेल्या ओढ्यात पडला आणि त्याच्यामागे खेळाडूंनी पाण्यात उड्या टाकल्या. ओक्लाहोमा एसईसीत गेलं आणि ४ नोव्हेंबर २०२३ ला शेवटचा सामना झाला, ओक्लाहोमा स्टेट २७-२४. एकूण हिशेबात ९१ पराभव, २० विजय आणि ७ बरोबरी असं मागे असलेल्याने शेवटचा शब्द उच्चारला आणि दार बंद झालं.

पिट्सबर्ग आणि वेस्ट व्हर्जिनिया यांची बॅकयार्ड ब्रॉल २०२२ मध्ये दहा हंगामांच्या खंडानंतर परतली. पिट्सबर्गमध्ये ७०,६२२ माणसं आली आणि पिट ३८-३१ जिंकलं. चार वर्षं सामने झाले, आता पुढचा थेट २०२९ मध्ये. मिसूरी आणि कॅन्ससही २०२५ मध्ये पुन्हा भेटले, मिसूरी ४२-३१. अशा करारातल्या भेटी गोड असतात. फक्त त्यांची सवय लागेपर्यंत त्या संपतात.

मग कुठे जायचं?

आयुष्यात एकदाच जाणार असाल आणि खर्चाची तयारी असेल तर टेक्सास-ए अँड एम. सक्ती आहे, तारीख आहे, आणि बारा वर्षं उपाशी राहिलेल्या लोकांचा आवाज आहे. मैदान दरवर्षी आलटून-पालटून असतं. मी कॉलेज स्टेशनचं वर्ष निवडायला सांगेन, आणि ते फक्त माझ्या पक्षपातामुळे नाही. आदल्या रात्री बारा वाजता तिथे घोषणांचा सराव होतो, त्याला तिकीट लागत नाही, आणि कित्येकांना सामन्यापेक्षा तोच जास्त आठवतो. अडचणीही सांगतो. फेरविक्रीत तिकीट शेकडो डॉलरच्या घरात जातं आणि विद्यार्थ्यांच्या भागात पूर्ण सामना उभं राहावं लागतं. सत्तरीतल्या आई-बाबांसाठी जागा त्या भागापासून दूर बघा.

सोबत लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील आणि तुम्ही कॅलिफोर्नियात असाल, तर डोळे झाकून बिग गेम. गर्दी आटोक्यातली, हवा सौम्य, संध्याकाळी घरी. वैराची धार टेक्सासइतकी नाही, हे मान्य. पण खरं आहे, आणि कुणी अंगावर ओरडत नाही.

सिएटलवाल्यांना मात्र मी घाई करायला सांगतो. बिग गेम पुढच्या वर्षीही असेल. टेक्सासचा सामनाही असेल. ॲपल कप २०२८ नंतर असेल, असं आज कुणी लिहून दिलेलं नाही. म्हणून तुमच्यासाठी माझा क्रम उलटा आहे, आधी हाच. आणि जमलं तर सिएटलमध्ये नाही, पुलमनच्या पाळीला. मोठ्या शहरातल्या स्टेडियमात हा एक चांगला सामना वाटतो. त्या टेकड्यांतल्या गावात, जिथे सामन्याच्या दिवशी गावकऱ्यांपेक्षा पाहुणेच जास्त वाटतात, तिथे कळतं की धाकट्या घराला हा दिवस का लागतो.

पुलमनचं ठरलंच तर तिकिटाआधी राहायची सोय बघा. गावात हॉटेलं मोजकी आहेत. आठ मैलांवर आयडाहोतलं मॉस्को आहे, तिथे खोली मिळण्याची शक्यता जास्त. सिएटलहून येताना टेकड्यांतल्या रस्त्यावर शेवटी शेवटी मोबाइलला रेंज जाते-येते, नकाशा आधी उतरवून घ्या. आणि सगळ्याच स्टेडियमांत पारदर्शक पिशवीच आत नेता येते, तेव्हा आईची नेहमीची पर्स गाडीत ठेवायला आधीच सांगा.