कृत्रिम लाळेचा स्प्रे, सहा महिन्यांनंतर: औषध बरं, नोझलने वैताग

मॉर्फिन, ॲमिट्रिप्टिलीन अशी औषधं, मानेला दिलेलं रेडिएशन, तोंडाने श्वास: घरात असा रुग्ण असेल तर तोंड का कोरडं पडतं हे सांगायला नको. म्हणून थेट बाटलीकडे.

आधी नोझल. आतलं कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, म्हणजे लाळेसारखा दाटपणा आणणारा पदार्थ, चिकट असतं. भोकाशी राहिलेला थेंब वाळून पापडी धरतो, आणि इंदूरच्या मे महिन्यात तर फारच लवकर. मग लोक टाचणी घालतात. कृपा करून घालू नका. भोक मोठं झालं की फवाऱ्याऐवजी धार उडते, थेट घशात जाते आणि गिळायला त्रास असलेल्या माणसाला ठसका लागतो. पंप काढून कोमट पाण्यात बुडवा, पाच-सहा वेळा दाबा. दर वापरानंतर नोझल ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा. बाटलीवर याची एक ओळ नाही. एवढे पैसे घेऊन ही हयगय संतापजनक आहे.

पहिले दोन महिने मत एकच होतं: पैसे पाण्यात. जिभेवर मारायचं, थोड्या वेळात पुन्हा खडखडीत. मत बदललं ते घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह सिस्टरांनी (गंभीर आजारात त्रास कमी करणाऱ्या सेवेतल्या नर्स) शिकवल्यावर. डोकं आणि पाठ 30 ते 45 अंश वर. मऊ बेबी ब्रश भिजवून, झटकून, जिभेवरचा आणि टाळूवरचा वाळलेला थर हलक्या हाताने काढायचा. मगच फवारा, तोही गालांच्या आत आणि हिरड्यांवर, आणि ब्रशने पसरवायचा. थरावर मारलेला फवारा खाली पोचतच नाही, सगळी चूक इथे होती. सिस्टरांनी एकदा करून दाखवलं आणि लगेच घरच्यांकडून करून घेतलं. ते करून घेणं फार मोलाचं. नुसतं ऐकून कोणाचा हात बसत नाही.

तोंड पुसायचा दांडीवरचा स्पंज मात्र नको. रुग्णाने चावला तर तुकडा तोंडात राहतो.

एरवी दिवसभर स्प्रे लागतच नाही: एक कप कोमट पाणी, पाव चहाचा चमचा खायचा सोडा, त्याच्या निम्मं मीठ, रोज ताजं. चूळ भरून थुंकायची, गिळायची नाही. चूळ जमत नसेल तर याच पाण्यात ब्रश बुडवून नीट झटकायचा. स्प्रे रात्रीसाठी आणि जेवणाआधी ठेवला की बाटली पुष्कळ पुरते. तोंडाला लिंबू-ग्लिसरीन लावायची जुनी सवय असली तरी सोडा. आम्ल झोंबतं, ग्लिसरीन पुढे आणखी सुकवतं. ऑक्सिजन चालू असेल तर ओठांना व्हॅसलीन नको, पाण्यात विरघळणारं जेल लावा.

दह्यासारखे पांढरे डाग दिसले आणि पुसल्यावर खाली लाल निघालं, तर ती बुरशी. तिथे स्प्रेचा उपयोग नाही, डॉक्टरांकडून बुरशीचं औषध घ्या. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवा.

दवा बाजारात घ्यायला गेलात तर लहान बाटली मागा. नैसर्गिक दात असतील तर आम्लधर्मी नसलेली. आणि नोझल पूर्ण झाकणारं टोपण आहे का, ते काउंटरवरच लावून बघा.