ट्रेडमार्कवाल्याचा अनुभव, नवी पेठ, सोलापूर – 4 स्टार

आमच्या शेंगा चटणीसारखंच सेम पाकीट, आजीचं तेच नाव, फक्त एक वेलांटी बदललेली, मधल्या मारुतीजवळ दिसलं तेव्हा डोकंच सटकलं आणि तडक ट्रेडमार्कची, म्हणजे ब्रँडच्या नावाची सरकारी नोंदणी करून देणाऱ्या एका कन्सल्टंटकडे गेलो. माणूस बरा ओ, आधी ऑनलाइन सर्च करून दाखवला, म्हणला नुसतं 'सोलापुरी शेंगा चटणी' मिळणार नाही, ते सगळ्यांचंच आहे, आजीचं नाव टाका. क्लास 30, म्हणजे चटणी-मसाल्यासारख्या मालाचा गट, सरकारी फी 4500, त्याची स्वतःची फी मात्र शेवटी सांगितली, तिथं एक स्टार कापला. अर्ज भरला की नावापुढं टीएम (ट्रेडमार्क) लावता येतं, गोलातला आर, म्हणजे रजिस्टर झाल्याची खूण, सर्टिफिकेट आल्यावरच, त्याआधी ट्रेडमार्क ऑफिसच्या जर्नलमध्ये नाव छापून येतं आणि कुणी हरकत घेतंय का, याची 4 महिने वाट बघायची. दुपारी फोन उचलत नाही, झोपतो बहुतेक.