माझी वेबसाइट: अकरा महिन्यांचा अनुभव आणि 'ऱ्य'ची भानगड

परवा होस्टिंगच्या, म्हणजे इंटरनेटवर साइट ठेवायच्या जागेच्या, नूतनीकरणाचं बिल आलं. पहिल्या वर्षी १,८०० रुपये, आता ६,२००! आकडा बघून पहिला विचार आला, बंद करून टाकू.

मी वसईचा ख्रिस्ती, कथा लिहितो. सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात टेबल टाकून पुस्तकं विकली तरी ती गावाबाहेर फारशी जात नाहीत. लांबचा वाचक भेटावा, त्याचं म्हणणं कळावं, एवढ्यासाठी साइट काढली. डोमेन, टेम्प्लेट, मोबाइलवर उघडणं, सगळं ठीक आहे. माझं भांडण एका जोडाक्षरावरून झालं.

युनिकोड म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवर सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत. जुन्या कथा त्याच्या आधीच्या फॉन्टमध्ये होत्या. साइट करणाऱ्या मुलाने त्या कन्व्हर्टरमधून काढल्या आणि 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' झालं, 'किनाऱ्या'चं 'किनार्या'. फोन केला तर म्हणे, "अंकल, लोकांना समजतं ना!" समजतं, पण आचाऱ्याला आणि आचार्याला वेगळं ठेवणारं आपल्याकडे तेवढंच तर चिन्ह आहे. युनिकोडमध्ये ऱ स्वतंत्र दिलाय. त्याचा पाय मोडून य जोडायचा, काम झालं.

चार फोनांनंतर त्याने दुरुस्ती केली. कशी? सगळीकडचं 'र्य' एका फटक्यात 'ऱ्य' करून टाकलं. सूर्याचा 'सूऱ्य' झाला, आश्चर्याचं 'आश्चऱ्य', आणि कोळ्यांच्या कथांमधला दर्या जाऊन तिथे 'दऱ्या' आल्या. फादर होडीला आशीर्वाद देतात त्या कथेत म्हातारा तांडेल, होडीचा प्रमुख, नातवाला म्हणतो, "दर्याला हात जोड." साइटवर त्याचं 'दऱ्याला हात जोड' झालेलं. ते वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. वर या दुरुस्तीचे वेगळे पैसे मागितले. मी दिले नाहीत. जून-जुलैत २३ कथा स्वतः ओळ न् ओळ वाचून नीट केल्या. मध्येच वीज जायची ते वेगळंच.

इंग्लंडहून गोव्यात आलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण हे मराठी काव्य १६१६ साली गोव्यातल्या राचोलला छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. मराठी अक्षरांचे खिळेच तेव्हा नव्हते. मराठीवर इतकी माया असलेल्या त्या माणसाला हे किती लागलं असेल, असं त्या दोन महिन्यांत सारखं मनात यायचं. आपल्याकडे तर अक्षर आहे, की-बोर्डवर आहे.

साइटचा हा अनुभव ऑगस्टमध्ये लिहायला बसलो असतो तर पाचपैकी एकच तारा दिला असता.

सप्टेंबरात, संपर्काच्या अर्जातून कुणीच कसं लिहीत नाही म्हणून वैतागून स्पॅमचा फोल्डर उघडला. तिथे २९ पत्रं पडून होती! रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईच्या एका बाईंनी लिहिलं होतं, त्यांच्या घरात पोर्तुगीजमिश्र बोली चालते, शाळा मराठीत झाली. पुढे विचारलं होतं, तुमच्या वसईकडच्या सामवेदी बोलीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी कुणी लिहून ठेवल्यात का? आणि एक भाईंदरजवळच्या उत्तनच्या आजींचं, नातवाने टाइप केलेलं: "बाबा, आमचा दर्या कुठे गेला?" तो मोबाइलवर कथा वाचून दाखवत होता आणि नेमका त्याच शब्दावर अडखळला होता. पत्र जूनमधलं. तीन महिने त्यांना माझं उत्तर नाही, याची फार लाज वाटली.

सगळ्यांना उत्तरं लिहिली. उत्तनला मात्र स्वतः गेलो, पुस्तक आणि सुकेळीचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, पुडा घेऊन. आजींनी ते पान नातवाकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा 'दर्याला हात जोड' आलं तेव्हा त्यांनी खरोखरच हात जोडले.

बिल भरलं. एकाच वर्षाचं भरलंय, दर उतरतो का ते पुढच्या वर्षी बघू. तुम्ही साइट करून घेणार असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी त्या माणसाला 'दर्या' आणि 'दऱ्या' दोन्ही टाइप करायला लावा, स्वतःच्या फोनवर बघा. आणि स्पॅम रोज उघडा.