कोव्हरसाडा, व्रसार: पुण्याहून जाणार असाल तर

विवस्त्र समुद्रकिनारा म्हटलं की पुण्यात आधी गोव्याचं नाव निघतं. ते डोक्यातून काढून टाका. भारतात याला परवानगी असलेला एकही किनारा नाही. सार्वजनिक जागी अश्लील कृत्य केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, एक हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

क्रोएशियाच्या इस्त्रिया भागात, व्रसार गावालगत 1961 पासून चालू असलेला कोव्हरसाडा हा विवस्त्र राहण्याचा कॅम्प मात्र नवख्यांनाही आम्ही बेधडक सुचवू. इथे कुटुंबं येतात, आजीआजोबा येतात, कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही. दुसऱ्यांचे फोटो काढायचे नाहीत आणि बसाल तिथे आधी स्वतःचा टॉवेल अंथरायचा, हे दोन नियम पक्के. त्यासाठी तुळशीबागेत मिळणारे दोन सुती पंचे घ्या; जाड टर्किश टॉवेलपेक्षा लवकर वाळतात.

पाचपैकी चार गुण. एक कापला तो किनाऱ्यासाठी. वाळू जवळपास नाहीच. खडक, गोटे आणि काँक्रीटचे ओटे आहेत. खडकांच्या कपारीत सी अर्चिन या समुद्री प्राण्याचे काळे काटेरी गोळे चिकटलेले असतात, म्हणून रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेतच. काटा घुसला तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवा आणि मग चिमट्याने सरळ ओढा. तिरका ओढलात तर तो आतच तुटतो, फार ठिसूळ असतो.

बहुतेकांचा पहिला दिवस लाजेमुळे नाही, उन्हामुळे वाया जातो. एरवी कपड्याखाली राहणारी कातडी पटकन भाजते. सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, रात्री आग व्हायला लागली की कळतं. अंगभर सनस्क्रीन लावायला एका वेळी साधारण 35 मिली लागतं, म्हणजे 100 मिलीची बाटली तीनदा लावली की संपली. दर दोन तासांनी आणि पोहून आल्यावर पुन्हा लावायचं. दुपारी 12 ते 3 सरळ झाडाखाली बसा.

मे महिन्यात पाणी गार असतं. ऑगस्टमध्ये ते 25 अंशांच्या आसपास जातं, पण गर्दीही तेव्हाच. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा सर्वात बरा. व्हिसा शेंगेन, चलन युरो (दोन्ही 2023 पासून), जवळचा विमानतळ पुला. शाकाहारी असाल तर स्वयंपाकघर असलेलं मोबाइल होम घ्या. बाहेर खाताना ट्रफल (सुगंधी भूछत्र) घातलेली फुझी, म्हणजे तिथला पास्ता, किंवा ब्लिट्वा, म्हणजे बटाटा घातलेली पालेभाजी, मागा, पण ब्लिट्वा माशासोबत देतात, तेव्हा आधीच नुसती द्या म्हणून सांगा.