टेलिकॉम वकिलाचं चेंबर की डिजिटल हक्कांची संस्था?

आयएलएस लॉ कॉलेजात चौथ्या वर्षाला असलेल्या पुतणीपुढे दोन इंटर्नशिप आहेत, दोन्ही दिल्लीत. एक टीडीसॅटमध्ये, म्हणजे दूरसंचार वादांच्या न्यायाधिकरणात, खटले चालवणाऱ्या वकिलाकडे, दुसरी डिजिटल हक्कांवर काम करणाऱ्या संस्थेत.

राहण्याखाण्याचा खर्च सारखाच, त्यामुळे तो मुद्दा बाजूला.

काम मात्र फार वेगळं. चेंबरमध्ये परवाना शुल्क, इंटरकनेक्शनचे (कंपन्यांची नेटवर्कं एकमेकांना जोडण्याचे) वाद, दूरसंचार नियामक ट्रायचे आदेश. एकट्या ग्राहकाची तक्रार टीडीसॅट सहसा ऐकत नाही, म्हणजे समोर बहुतेक कंपन्या आणि सरकारच. पण कागद वाचायची शिस्त तिथेच लागते. संस्थेत माहिती अधिकाराचे अर्ज, विधेयकांच्या मसुद्यांवर हरकती, इंटरनेटबंदीची प्रकरणं. काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने बंदीचे आदेश प्रसिद्ध करायला सांगितले. ते होतात का, यावर कुणीतरी नजर ठेवायलाच हवी. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

कमाईची वाट चेंबरकडून लवकर सापडते. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल, कोर्टात उभं राहायचं असेल, तर चेंबर घ्यावं. धोरण, संशोधन, जनहित याचिका यांची ओढ असेल तर संस्था. पुतणीला मी संस्थाच सुचवली. तिच्यावर कर्ज नाही, आणि लिहिते छान.