आधी सूत्र फिरवावे की आधी किमती ठेवाव्यात?
समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ ९० चौसेमी, उंची ६ सेमी आणि एक समांतर बाजू १८ सेमी दिलेली असताना दुसरी समांतर बाजू ‘ब’ कशी काढावी, येथे विद्यार्थी घुटमळतात. किमती आधी ठेवल्यास ९० = ½ × (१८ + ब) × ६, म्हणून ३० = १८ + ब आणि ब = १२ सेमी, असे उत्तर चटकन मिळते. सूत्र आधी फिरवल्यास ब = (२ × क्षेत्रफळ ÷ उंची) − १८ हे रूप मिळवताना भागाकाराआधीच १८ वजा करण्याची चूक हमखास होते; मात्र एकदा नीट मांडले की उंची व क्षेत्रफळ बदलले तरी तेच रूप चालते. परीक्षेतील एकट्या उदाहरणाला पहिली रीत पुरते, तक्ता किंवा स्प्रेडशीट करणाऱ्याने दुसरीच घ्यावी. वृत्तचितीच्या एकूण पृष्ठफळावरून त्रिज्या काढताना मात्र वर्गसमीकरण उभे राहते, तेव्हा नवशिक्याने किमती आधी ठेवलेल्या बऱ्या.