हिंज दुरुस्त करायला घरी आला आणि रॅम, बॅटरी घेऊन गेला

नागपुरात ज्यांचं पोट लॅपटॉपवर चालतं त्यांनी हे वाचाच. एका हिंजपायी, म्हणजे झाकणाच्या बिजागरीपायी, माझे 11,049 रुपये गेले. खरं काम 600 रुपयांचं होतं.

उजवीकडचा हिंज घट्ट झाला होता. झाकण उघडलं की कोपरा फाकायचा आणि आतून कटकट आवाज यायचा. मे महिना, पारा 45 च्या वर. इतवारीतल्या व्यापाऱ्यांचे जीएसटी रिटर्न मी घरून भरते आणि 20 तारीख डोक्यावर होती. अशात भर दुपारी लॅपटॉप घेऊन बर्डीच्या बाजारात कोण जाणार? ‘घरी येऊन दुरुस्ती’ अशी जाहिरात दिसली, भरपूर चांगले शेरे होते, फोन केला. माझ्या जागी कोणीही हेच केलं असतं.

पोरगा आला, बोलायला गोड. व्हिजिटचे 299 आधीच घेतले. काम 1,200 चं म्हणाला. मग खालचं कव्हर उघडायला बसला आणि निघालेला एकेक स्क्रू शर्टाच्या खिशात टाकू लागला.

इथे. इथेच मी त्याला उठवायला हवं होतं. लॅपटॉपचे स्क्रू एका मापाचे नसतात. आखूड स्क्रूच्या जागी लांब बसवला तर तो बोर्डाला लागतो, नाहीतर वरचं कव्हर फोडून निघतो. म्हणून कामाचा माणूस ते चुंबकाच्या पट्टीवर, निदान कागदावर, ज्या जागेचे त्या जागी मांडून ठेवतो. मी तर स्वयंपाकघरातून वाटी आणून पुढे ठेवली. “राहू द्या काकू, टेन्शन नका घेऊ,” म्हणाला. ज्याला ते स्क्रू माझ्या घरी परत लावायचेच नव्हते त्याला वाटी कशाला हवी? हे मला त्याच क्षणी कळायला हवं होतं, आणि आजही ती वाटी हातात आली की माझा संताप होतो.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. “पॅनलच फुटलं आहे जी, वर्कशॉपला न्यावं लागते. 4,800 होतील.” 2,500 यूपीआयने दिले. खात्यावर दुकानाचं नाव नव्हतं, कुण्या माणसाचं होतं. परत आणून दिला तेव्हा उरलेले 2,300 रोख दिले. पावती मागितली तर “व्हॉट्सअॅपवर टाकतो”. ती आजतागायत आली नाही. झाकण छान उघडत होतं, मी तपासणार तरी काय? माझं काम हिशेबाचं आहे, मशीन उघडायचं नाही.

आठवडाही झाला नाही आणि कोपरा पुन्हा फाकला. चार्जर काढला की लॅपटॉप बंद पडायचा. शेवटी बर्डीतल्या एका जुन्या कारागिराने माझ्यासमोर उघडला. नवं पॅनल वगैरे काही नव्हतं. फेविक्विकचा पांढरा थर होता आणि वर काळी टेप. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, दोन खाचांपैकी एक रिकामी. बॅटरी कुठल्यातरी दुसऱ्याच मशीनची, फुगलेली. रॅमला 1,950, बॅटरीला 3,400 आणि हिंजला 600 मोजले.

त्यानेच समजावलं की लोखंडी हिंज सहसा मोडत नाही. तो घट्ट होतो आणि प्लास्टिकमध्ये बसवलेले पितळी नट उपटून काढतो. आधी बॅटरीची वायर काढायची, हिंजचा नट थोडाथोडा सैल करायचा, पितळी नट जागेवर धरून भोवती अराल्डाइट भरायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. फेविक्विक कडक होऊन तडकतं, ते नको. स्क्रीनची आणि वायफायची वायर हिंजजवळूनच जाते, ती चेपली जाऊ देऊ नका. हात बसलेला असेल तर हे घरीही होतं. आवाज यायला लागला की झाकण उघडणंच थांबवा.

पोलीस ठाण्यात मला काय ऐकावं लागलं! “लॅपटॉप तर परत भेटला ना मॅडम?” मग हे सिव्हिल मॅटर. मग सायबरच्या टेबलावर पाठवलं. तिथे विचारलं, ओटीपी दिला होता का? नाही? मग आमचं नाही. मग वर्कशॉप दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा. हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते, असं नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये लिहिलं आहे. मी ते कलम सांगितलं तर “तुम्ही वकील आहात का?” विंडोजचा बॅटरी रिपोर्ट छापून नेला होता. त्यात तारखेनिशी बॅटरीची मूळ क्षमता दिसते आणि त्याच आठवड्यात ती बदललेली दिसते. याहून पुरावा काय हवा? कागद कोणी हातातसुद्धा घेतला नाही. नंबर बंद, जाहिरात मात्र आजही चालू.

लॅपटॉप देण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडून किती खाचा वापरात आहेत त्याचा फोटो घ्या. बॅटरी रिपोर्ट काढून ठेवा, त्यात सिरियल नंबरही असतो. मशीन न्यायचंच म्हणाला तर एसएसडी, म्हणजे आपला सगळा डेटा असतो ती डिस्क, काढून घरी ठेवा, हिंजच्या कामाला ती लागत नाही. पावतीशिवाय रुपया देऊ नका. खिशात स्क्रू टाकणाऱ्याला तिथेच थांबवा.

आता जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकते आहे. कामासाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत 2 वर्षांची. त्याआधी सल्ला हवा असेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. असाच कोणी तुमच्याकडे येऊन गेला असेल तर यूपीआयचा स्क्रीनशॉट पुसू नका आणि तुमचीही तक्रार नोंदवा.